सगळं खरं, पण जपान

दादा, आधी तुझ्यावर चिडून घेते. रडणं येतंच आहे मधूनमधून, भांडी घासताना, वेणी घालताना, त्याला काळवेळ राहिलेला नाही. चिडायला मात्र आज पहिल्यांदा निवांतपणा मिळाला. घरात कुणी नाही, चहा झाला आहे, आणि मला मधेच तोडायला तू समोर नाहीस. तेव्हा गप्प बसून ऐक.

भाऊबीजेनंतरच्या बुधवारी मी सुट्टीतल्या जादा तासाला सहावीच्या वर्गात फळ्यावर विषुववृत्त काढत होते. शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, तुमच्या भावाच्या कारखान्यातनं फोन आहे." मी म्हटलं, "सांग, तास संपला की करते." मला वाटलं, चिवडा संपला असेल. दर दिवाळीत तू माझा चिवडा डबा भरून कारखान्यात न्यायचास, तिथल्या मशीनवरच्या परबला आवडतो म्हणून, आणि लगेच रिकामा डबा माझ्यापुढे वाजवायला यायचास. शिपाई दारातून हलेना. मग त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. हॉस्पिटलात पोचले तेव्हा खडू अजून माझ्या मुठीत होता, तिथल्या नर्सनं बोटं सोडवून तो काढून घेतला. माणूस शनिवारी पाटावर बसतो, ओवाळून घेतो, करंज्या खातो, वर एक रुमालात बांधून खिशात टाकतो, आणि बुधवारी जेवणाच्या सुट्टीत बोलता बोलता जातो. ही काय पद्धत झाली, दादा? मी तुझ्या कपाळाला कुंकू लावलं त्याचा डाग तुझ्या त्या पांढऱ्या झब्ब्यावर पडला होता. तो झब्बा धुवायचा राहिला आहे अजून.

लोक येतात आणि म्हणतात, "भाग्यवान हो, कुणाला त्रास न देता गेले." मी ऐकून घेते. कुणाला त्रास दिला नाही म्हणे! मला विचारा म्हणावं.

खरं तर तुझं माझं काही गोडगोड नव्हतंच. माझ्या नंदूचे बाबा गेले तेव्हा नंदू रांगत होता. तू तुझा भांडुपचा संसार उचललास आणि मुलुंडला आमच्या मागच्या गल्लीत येऊन राहिलास. का आलास ते कधी बोलला नाहीस. "इथे पाण्याला प्रेशर बरं आहे," एवढंच म्हणालास, आणि मुलुंडच्या पाण्याचं प्रेशर काय आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. नंदूला सायकल तू शिकवलीस. गणितं तू घेतलीस. एक भुवई वर चढवून समोरच्याला आधी पूर्ण बोलू द्यायचं आणि मग एका वाक्यात त्याची हवा काढायची, ही घाणेरडी खोडही त्याला तूच लावलीस. मामा-भाचे दोघं मिळून माझ्यावर ती चालवायचात.

मग कारखान्यानं तुला तीन महिने शिकायला जपानला पाठवलं, आणि तिथून जे पात्र परत आलं त्याला काय म्हणावं ते वहिनींनाही कळेना. दाराशी चपला एका ओळीत, टोकं बाहेरच्या बाजूला. सकाळी गच्चीवर हातवारे. आणि ती सोसायटीतली सूचनापेटी! जपानमध्ये म्हणे साध्या कामगारालाही सुधारणा सुचवता येते, म्हणून तू जिन्याखाली पेटी लावलीस. महिन्यानं सगळ्यांसमोर उघडलीस. आतल्या चिठ्ठ्यांत जवळजवळ एकच सूचना निघाली, सेक्रेटरी बदला. सेक्रेटरी तूच होतास. दुसरा कुणी असता तर पेटी फोडून टाकली असती. तू म्हणालास, "बघ, पद्धत चालते," आणि राजीनामा दिलास.

पण तोवर जपान हा आपल्या वादाचा विषय नव्हता. तो झाला नंदू अमेरिकेला गेल्यावर. तो गेला त्याच्या पुढच्याच रविवारी तू सकाळी आलास. मी त्या आठवड्यात धड जेवले नव्हते, त्याच्या कॉटवरची चादरसुद्धा बदलली नव्हती. तू खुर्चीत बसलास, माझ्या कपातला चहा उचलून प्यायलास आणि म्हणालास, "चूक केलीस पोराला तिकडे धाडून. अमेरिकेचे दिवस भरले. पुढचं जग जपानचं आहे."

मला इतका संताप आला की विचारू नकोस. सांत्वन करायचं सोडून हा माणूस जखमेवर मीठ चोळतोय! मी तुला तासभर झोडपलं. भूगोल काय उगाच शिकवते का? दोन बाजूंना दोन महासागर, मधे एवढी सुपीक जमीन, पोटात तेल, लोखंड, कोळसा, काय नाही त्या देशाकडे? आपल्या लहानपणी रेशनवर कोणाचा लाल गहू यायचा? आणि तुझ्या जपानच्या पोटात काय आहे, भूकंप? गोव्याचं लोखंड बोटीनं गेलं नाही तर त्यांच्या भट्ट्या थंड पडतील. तू भुवई वर करून सगळं ऐकलंस. मग म्हणालास, "सगळं खरं. पण जपान..." आणि बोट वर करून थांबलास. तुझं ते अर्धवट सोडलेलं वाक्य! त्यानंतर दर रविवारी ते ऐकलं मी. त्या दिवशी तू गेल्यावर मी कुकर लावला आणि पोटभर जेवले. तेव्हा मला वाटलं, रागानं भूक लागते माणसाला.

चार वर्षं, दादा. दर रविवारी तू एखादी नवी काडी घेऊन यायचास आणि पेटवून द्यायचास. अमेरिकेतल्या रस्त्यांवर जपानी गाड्या धावतात. तिथले मोटारीचे कारखाने बंद पडताहेत. न्यूयॉर्कमधल्या मोठ्या इमारती जपानी माणसं विकत घेताहेत, म्हणजे उद्या नंदूचा घरमालकही जपानी. आणि तुझा हुकमाचा पत्ता, "अमेरिका आता जपानकडून उसनं घेऊन खाते. जो उसनं घेतो तो मोठा, का देतो तो?" मी म्हणायचे, "लढाईत हरलेला देश तो. अजून अमेरिकेचे सैनिक त्याच्या घरात राहून पहारा देतात. ज्याच्या दाराला दुसऱ्याचा पहारेकरी, तो कसली महासत्ता?" त्यावर तू म्हणालास, "पहारेकरी मालकापेक्षा मोठा असतो का?" चांगलं होतं ते, कबूल करते.

शेजारचे वैद्य एकदा वर्तमानपत्र मागायला आले आणि आपल्याला म्हणाले, "अहो, पण रशिया आहे ना?" आपण दोघांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की बिचारे वर्तमानपत्र न घेताच गेले.

माझं शेवटचं शस्त्र एकच होतं. मी म्हणायचे, "दादा, अमेरिकेच्या वकिलातीसमोरची रांग बघितलीस? जपानच्या वकिलातीसमोर आहे तशी? जग जपानचा माल आणतं घरात, पण राहायला अमेरिकेत जातं. आणि जो देश बाहेरच्या पोरांना आपला म्हणून ठेवून घेतो, त्याला माणसांचा तुटवडा पडत नाही. तो नाही पडायचा." हे म्हणताना माझा आवाज चढायचा. तू खाली बघून चहा ढवळत बसायचास. साखर तर तू कधीच घेत नव्हतास.

इंग्लंडची गोष्टही आपण किती घोळवली! मी म्हणायचे, मोठं राज्य कुणाच्या धक्क्यानं एका दिवसात जात नाही. इंग्लंडला बाजूला सरायला दोन महायुद्धं लागली, आणि जागा घेतली ती त्याच्याच भाषेच्या, त्याच्याच गोतावळ्यातल्या देशानं. परक्याला खुर्ची अशी मिळत नाही. तू म्हणायचास, "आणि त्या इंग्लंडच्या पोटात तरी काय होतं? कोळसा आणि हट्ट. एवढंसं बेट. जपानकडे कोळसा नसेल, हट्ट आहे." कोळसा आणि हट्ट या दोन शब्दांच्या मधे तू जरा थांबायचास, नाटकातल्यासारखा. ते वाक्य तुझ्या बोलण्याच्या तऱ्हेतलं वाटायचं नाही मला, पण छान म्हणायचास.

यंदाच्या दिवाळीच्याच आठवड्यात अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला. वर्तमानपत्रात पहिल्या पानावर. न्यूयॉर्कमधल्या ज्या कंपनीत नंदू कॉम्प्युटरवर काम करतो ती शेअरचीच. मी दुकानात रव्याची पिशवी हातात घेऊन ते मथळे वाचत उभी राहिले. फोन लावला तर लागेना. अभ्यंगस्नान, लक्ष्मीपूजन, सगळं मी यंत्रासारखं केलं. डोक्यात एकच, पोराला चुकीच्या दारात नेऊन उभं केलं का मी?

भाऊबीजेला तू आलास तेव्हा मी तयारीतच होते. पाटावर बसलास, मी ओवाळलं, आणि निरांजन खाली ठेवता ठेवताच म्हटलं, "जिंकलास बाबा तू. संपली अमेरिका. आता हस."

तू हसला नाहीस. म्हणालास, "काही संपत नाही गं. त्या देशाला पडायची सवय आहे आणि उठायचीही. मागे आपले बाबा तरुण होते तेव्हा याहून मोठी आपटी खाल्ली होती, उठलाच ना? एवढी जमीन, दोन बाजूंना समुद्र, जगातली पोरं तिथे शिकायला जातात. ते सगळं काय बाजाराबरोबर कोसळलं?"

माझीच वाक्यं, शब्द न् शब्द! मला वाटलं माझी चेष्टा चालली आहे. मी चिडून म्हटलं, "चार वर्षं माझं डोकं खाल्लंस, आणि आज तुझा जपान जिंकला तेव्हा उलटतोस? मी सांगते तुला, अमेरिकेचे दिवस भरले!" आणि मग आपण भांडलो, उलट्या बाजूंनी. मी जपानसाठी, तू अमेरिकेसाठी. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, दोघांनी आधी ठरवा तरी कोण कुठला ते." तू उठलास, चिवड्याचा डबा घेतलास. मी दारात विचारलं, "पण आज का उलटलास ते सांग." तू चपला घालत म्हणालास, "रविवारी सांगतो." दुसऱ्या दिवशीच रविवार होता, पण लेकीला, मनीषाला घेऊन तू वहिनींच्या माहेरी गेलास. म्हणजे पुढचा रविवार. तो आलाच नाही.

तू गेल्याचं कळल्यावर नंदूचा फोन आला, वैद्यांच्याकडे. विमानाचं तिकीट मिळून तो पोचेपर्यंत काही उरणार नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं. बराच वेळ तो नुसता रडत होता. मग म्हणाला, "आई, मी परत येतो. कायमचा. इथे रोज कुणाला तरी घरी पाठवताहेत. माझी नोकरी आहे अजून, पण कशासाठी थांबू? मामा होता म्हणून मी तुला सोडून आलो होतो. आता तू एकटी. आणि मामा म्हणायचा ते खरं होतंय, हा देश चालला खाली." मी म्हटलं, "दहावं होऊ दे. रविवारी फोन कर, मग सांगते." रिसीव्हर ठेवला आणि सवयीनं तुझ्याकडे यायला निघाले, विचारायला, की काय सांगू. जिना उतरून फाटकापर्यंत गेले होते, दादा. तिथे मला आठवलं.

काय सांगायचं ते मला खरंच कळत नव्हतं. जीव म्हणत होता, ये म्हण. किती सोपं होतं ते. एका शब्दाचं काम. आणि कारणही छापून आलेलं, पहिल्या पानावर.

दहाव्याला मिठागरांच्या कडेला, स्मशानाजवळच्या शेडपाशी गेलो. विधी मनीषानं केले. गुरुजी जरा कुरकुरले, वहिनींनी लक्ष दिलं नाही. पिंड ठेवला. कावळे नव्हते असं नाही, समोरच्या झाडावर चांगले ओळीनं बसले होते. एकही उतरेना. "काही इच्छा राहिली असेल तर बोला," गुरुजी म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "मनीषाचं शिक्षण पुरं करीन." कावळा हलला नाही. त्यांचा भाऊ म्हणाला, "ताईची काळजी करू नका, मी आहे." नाही. वहिनी रडत म्हणाल्या, "अहो, स्कूटर नाही विकणार." तरी नाही. मग त्या माझ्याकडे वळल्या, "वन्सं, तुम्ही बोला. तुमचंच काहीतरी अडलंय."

माझंच अडलं होतं. मला वाटलं, याला काय ऐकायचंय ते मला माहीत आहे. भाऊबीजेला जे चिडून म्हटलं ते आता मनापासून म्हणून टाकावं, जपान जिंकला. ओठांवर आलंसुद्धा. तेवढ्यात मागून एक काळासावळा, टक्कल पडलेला माणूस पुढे आला, हात जोडून पिंडासमोर उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "साहेब, मी मागे घेतो. तुमचंच खरं. अमेरिकाच मोठी. जपान काय नाय. आता तरी या, साहेब."

मला वाटलं, उन्हानं याला चक्कर येतेय. कावळा तर ढिम्म. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि शिववला. सगळे पांगायला लागले. मी त्या माणसाला गाठलं.

"तुम्ही परब ना? काय बोललात हे तुम्ही? उलटं बोललात. दादा जपानचा. सगळ्या मुलुंडला माहीत आहे."

"साहेब? जपानचे?" परब माझ्याकडे बघतच राहिले. "ताई, जपानचा मी. साहेब अमेरिकेचे. चार वर्षं डबे उघडले की आमचं तेच. नवीन मशीन आलं जपानचं, ते मीच चालवतो. एकदा बसवलं की बसवलं, आवाज नाय, तेल गळणं नाय. मी म्हणायचो, साहेब, ज्यांनी असलं मशीन केलं ते उद्या दुनिया चालवणार. साहेब म्हणायचे, परब, त्यांच्या पोटात लोखंड नाही. गोव्याचं लोखंड गेलं नाही तर भट्ट्या थंड."

मी शेडच्या कट्ट्यावर बसले.

"आणि म्हणायचे, दुनिया जपानचा माल घेते, पण राहायला अमेरिकेत जाते. मी काय बोललो की म्हणायचे, माझी बहीण भूगोल शिकवते, तिनं सांगितलंय. तिच्यापुढे तुझं काय चालणार नाही."

"आणि तुम्ही?" मी विचारलं. उत्तर काय येणार ते मला दिसायला लागलं होतं. "इंग्लंडबद्दल तुम्ही काय म्हणायचात?"

"मी? मी म्हणायचो, इंग्लंडच्या पोटात तरी काय होतं? कोळसा," परब जरा थांबले, "आणि हट्ट."

तुझंच थांबणं, दादा. म्हणजे तुझं नव्हतंच ते. माझी वाक्यं तू आठवडाभर परबांवर चालवायचास आणि परबांची वाक्यं रविवारी माझ्यावर. स्वतःचं एक वाक्य नाही! त्या चिवड्याच्या डब्यासारखा इकडचा माल तिकडे, तिकडचा इकडे. पहारेकरी मालकापेक्षा मोठा असतो का, तेही परबांचंच निघालं. परबांच्याही ते लक्षात आलं. ते डोळे पुसत होते आणि मधेच त्यांना हसू फुटलं, "म्हणजे ताई, इतकी वर्षं मी तुमच्याशीच भांडत होतो? वाट लागली माझी!" आम्ही दोघं तिथे, दहाव्याच्या दिवशी, हसलो. लोक बघायला लागले.

मग परब गंभीर झाले. म्हणाले, "एकदा मी विचारलं होतं, साहेब, तुम्ही स्वतः जपान बघून आलात, इथे सगळं त्यांच्यासारखं करायला लावता, मग बाजू अमेरिकेची कशी? साहेब म्हणाले, घरी मी जपानचाच आहे रे. भाचा तिकडे आहे ना. बहीण अमेरिकेसाठी भांडते तेव्हा पोरगा समोर बसलाय अशी बोलते. त्या दिवशी जेवते नीट. मी हो हो म्हटलं तर ती भांडणार कुणाशी? मी म्हटलं, मग खरं काय, साहेब? तर म्हणाले, ते मला कुठे माहीत? मशीन जपानचं चांगलं, घर अमेरिकेचं मोठं. कोण टिकतं ते आपली नातवंडं बघतील."

बोलता बोलता ते एकदम ढसाढसा रडायला लागले. "ताई, माका अजून खरा वाटत नाय. त्या दिवशी मी जास्तच बोललो. बाजार पडलेला, मला जोर आलेला. साहेब तुमचा चिवडा खात होते. म्हणाले, परब, एकदा आपटी खाल्ली म्हणून... आणि पाण्याचा ग्लास उचलला. पुढचं वाक्य नाय बोलले. माझ्या वादानंच झालं, ताई. म्हणून मी मागे घेतलं."

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "परब, डॉक्टर म्हणाले, दुखणं जुनं होतं, त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. तुमच्या वादानं तो गेला नाही. तुमच्या आणि माझ्या वादावर तो जगत होता. मागे घेऊ नका. जपान काय नाय असं परत म्हणू नका, त्याला आवडायचं नाही." सांगताना माझ्याच लक्षात आलं की मीही म्हणणार होते, अगदी ओठांवर होतं. बरं झालं परब पुढे आले.

तर आता सांग, मी चिडू नको तर काय करू? चार वर्षं दर रविवारी तू मला फसवलंस! मी पेटून उठायचे, पुस्तकं काढायचे, नकाशे पसरायचे, आणि तुला फक्त एवढंच बघायचं होतं की मी जेवते का. नंदू गेला त्या रविवारी तू जखमेवर मीठ चोळलं नव्हतंस. मी अमेरिकेची बाजू मांडता मांडता माझं मलाच पटवायचे, की पोरगा चांगल्या जागी आहे, तिथे जमीन मोठी आहे, त्याला ठेवून घेतील. मी जिंकावं म्हणून तू दर आठवड्याला हरायला यायचास. आणि भाऊबीजेच्या दिवशी का उलटलास तेही कळलं. त्या दिवशी मीच पलीकडे गेले होते. अमेरिकेच्या बाजूला कुणीच उरलं नव्हतं, म्हणून तू जाऊन उभा राहिलास.

एकदा तरी सांगायचं होतंस रे. मी तुला कधी बरा शब्द बोलले नाही असं नाही, पण हे कळलं असतं तर तुझ्या चहात गुपचूप साखर घातली असती. दादा, तू माझ्यासाठी जे जे केलंस ते सगळं मी पाण्याच्या प्रेशरच्या खात्यावर टाकत आले. तू होतास म्हणून माझं निभावलं. हे तोंडावर म्हटलं असतं तर तू भुवई उडवली असतीस, म्हणून आता म्हणते.

आज रविवार. सकाळी वैद्यांचा मुलगा हाक मारायला आला, "काकू, न्यूयॉर्क!" वैद्यांनी माझ्यासाठी टीव्ही बंद केला आणि सगळं घर सभ्यपणे ऐकत बसलं.

"आई, काय ठरलं? येऊ ना?" नंदू म्हणाला. आणि मग, "मामा काय म्हणाला असता?"

ये, हा शब्द माझ्या घशाशी आला, दादा. खोटं नाही सांगत. पण तो गिळला, आणि म्हटलं, "मामा म्हणाला असता, अमेरिका संपली, गाशा गुंडाळ. आणि मामा तुझ्या आईला चार वर्षं थापा मारत होता, ते नंतर सांगते. तू आता माझं ऐक. तुला तुझ्यासाठी यायचं असेल तर आज ये, दार उघडं आहे. पण मी एकटी पडले म्हणून येऊ नकोस. वहिनी आहेत, मनीषा आहे, शाळा आहे. आणि तो देश संपला म्हणून तर मुळीच येऊ नकोस, कारण तो संपलेला नाही." आणि मग जे सुरू झालं ते मलाही थांबवता येईना. दोन महासागर. सुपीक जमीन. लाल गहू. वकिलातीसमोरची रांग. जो देश बाहेरच्या पोरांना ठेवून घेतो त्याचं. इंग्लंडचं. वैद्यांच्या दिवाणखान्यात उभी राहून मी हात उडवत बोलत होते, आणि नंदू समोरच्या सोफ्यावर बसलाय, असाच, मांडी घालून, असं मला दिसत होतं. खरंच दिसत होतं. वैद्य मान डोलवत होते.

माझं बोलून संपलं. धाप लागली होती. आता इथे तू बोट वर करायचास. मी वाट बघितली, वेड्यासारखी.

"सगळं खरं, आई," नंदू म्हणाला. रडून त्याचा आवाज बसला होता. मग तो जरा थांबला. तिथे त्याची एक भुवई वर गेलेली मला इथून कळली.

"पण जपान?"

मी वैद्यांच्या स्टुलावर बसले. पदर तोंडाला लावला. हसत होते का रडत होते ते वैद्यवहिनींना कळेना, त्या पाणी आणायला धावल्या.

"आई? हॅलो? चुकलं का माझं? ठेवू का?"

"ठेवू नकोस," मी म्हटलं. "जपानचं सांगते तुला. नीट ऐक."